ओला टिपकागद

१

निवृत्त झाल्यापासून पद्मावती मगदूमबाई दर शुक्रवारी मिरजेहून सांगलीला जात, एका जुन्या संस्थेच्या हर्बेरियममध्ये दिवसभर बसत आणि कंटाळून परत येत. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचं गोदाम. जाड कागदावर शिवलेली झाडं, कागद कपाटात, कपाटांत डांबराच्या गोळ्या. पगार नाही, मान नाही. पंखा होता, पण तो फिरला काय आणि न फिरला काय. तरी बाई जात. घरी म्हाताऱ्या आईजवळ, अव्वांजवळ बसण्यापेक्षा मेलेल्या झाडांजवळ बसणं बरं, असं एकदा त्या गमतीनं म्हणून गेल्या होत्या. नंतर त्यांचं त्यांनाच ते लागलं.

या खेपेचं काम मात्र कंटाळ्याचं नव्हतं. ते नको असलेलं होतं.

साताऱ्याकडच्या पठारांवर, कातळातल्या डबक्यांत एक पाणवनस्पती उगवते. वायतुऱ्याच्या कुळातली. लांब पानं पाण्यावर पसरतात, मधून पांढुरका तुरा वर येतो, आणि डबकं आटलं की सगळं नाहीसं होतं. बाईंनी ती शोधली त्याला आता बरीच वर्षं झाली होती. तिला नाव त्यांनीच दिलं होतं, धाकट्या बहिणीचं. सुंदरी गेली त्याच वर्षी. लॅटिन व्याकरणाच्या रीतीनं त्या नावाचं 'सुंदरिए' झालं आणि जगभरच्या पुस्तकांत ते गेलं.

आता शिवांजली जाधव नावाच्या साताऱ्याच्या एका संशोधक मुलीनं दाखवून दिलं होतं, की हीच वनस्पती स्वातंत्र्याच्याही आधी मिरजेच्या चौगुले मास्तरांना एका तळ्यात सापडली होती. तळं केव्हाच बुजलं, तिथं आता रिक्षा उभ्या राहतात. पण मास्तरांनी तिला 'मिरजेन्सिस' असं नाव देऊन ते रीतसर छापलं होतं. नियम सरळ आहे. एका झाडाला एकच नाव, आणि जे आधीचं ते राहणार.

"मॅडम, लय वाईट वाटतंय मला," शिवांजली फोनवर म्हणाली होती. "पण मी न्हाई काढलं तर दुसरं कुणीतरी काढणारच की."

"काढलंस ते बरं केलंस," बाई म्हणाल्या. ते खरंच होतं. फोन ठेवल्यावर मात्र त्या बराच वेळ गॅसपाशी उभ्या राहिल्या आणि चहा उतू गेला. सुंदरीचं लग्न झालं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. धड फोटोसुद्धा नव्हता, होता तो परीक्षेच्या हॉल-तिकिटावरचा, शिक्का मारलेला. तिचं नाव जगात कुठं उरलं असेल तर ते त्या डबक्यातल्या झाडात.

तर मास्तरांची मूळ शीट तपासायची होती. ज्या वाळक्या नमुन्यावर नाव उभं असतं त्याला टाइप म्हणतात. तो नमुना पाहिल्याशिवाय निकाल देता येत नाही. आकाराम शिपायानं कपाट उघडून दिलं. एप्रिलचं ऊन खिडकीत भाजत होतं, शीटा पापडासारख्या कडकडीत. एकेक उचलून बाजूला ठेवता ठेवता बाईंच्या हाताला एक मऊ कागद लागला, मास्तरांचीच शीट.

त्यांनी अंगठा टेकवला. अंगठा ओला झाला.

"ओल आहे रे आकाराम."

"आवं मॅडम, वरच्या मजल्याची मोरी गळतीया. किती बारी सांगितलं, पर ऐकतंय कोण?"

बाईंनी वरची शीट चाचपली, खालची चाचपली. दोन्ही कोरड्या होत्या.

२

घरी आल्या तेव्हा अव्वा जाग्याच होत्या. अव्वांना आता उठता येत नाही. पलंग आतल्या खोलीत पार पलीकडच्या भिंतीला लावलेला, बाजूला करड्या रंगाचं लोखंडी कपाट. बाई शिकवत त्या कॉलेजानं नव्या इमारतीत जाताना जुनं सामान भंगारात काढलं, तेव्हा बाईंनी स्वतःच्या शीटा त्या कपाटासकट घरी आणल्या होत्या.

"पद्मे, फरशी वली हाय गं."

"नाही अव्वा. सकाळी पुसली, तेव्हाच वाळली."

"मग सुंदरीला सांग की केस पुसायला. सर्दी हुईल तिला."

अव्वा असं गेलं वर्षभर बोलत होत्या. डॉक्टरांनी त्याला एक नाव दिलं होतं आणि गोळ्या दिल्या होत्या. बाई "बरं" म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या. उत्तर देण्याचे दिवस संपले होते, आता फक्त "बरं" उरलं होतं.

कुकरची शिट्टी होईपर्यंत त्यांना पठारावरचा तो दिवस आठवत राहिला. त्या दिवशी चतुर्दशी होती. जैनांचं घर, त्या तिथीला हिरवं शिजत नसे, तोडायचं तर नावच नको. सुंदरी नुसती सोबत म्हणून आलेली, बीकॉम झालेली, झाडातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. डबकं आटलेलं, चिखलाला भेगा गेलेल्या, आणि भेगेत हे झाड चिंधीसारखं पडलेलं. कडेच्या ओलीत एक हिरवं होतं, त्याला बाईंनी हात घातला तशी सुंदरी म्हणाली, "अगं, आज चतुर्दशी. जिवंत कशाला उपटतेस? हे मेलेलं घे की." आणि तिनंच ते कंदासकट अलगद उचलून टिपकागदात ठेवलं. मेलेलंच आहे म्हटल्यावर नंतर त्याला, कीड लागू नये म्हणून वापरतात त्या विषाच्या द्रावणात बुडवायचंही कुणाला सुचलं नाही. मेलेल्याला कशाला विष?

चौगुले मास्तरांची ख्यातीही तीच होती. मास्तर अव्वांच्या माहेरच्या गल्लीतले. जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण हातानं कधी पान तोडलं नाही. आपणहून वाळलेलं उचलायचं आणि दाबून ठेवायचं. पाठशाळेत अजून त्यांचं उदाहरण देतात.

त्या पठारावरून परत आल्यावर पंधरवड्यातच सुंदरीचे पाय सुजले. मूत्रपिंडं. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, सगळे झाले.

ती पहाटे गेली. जैनांत मयताला वेळ लावत नाहीत, देहात दुसरे जीव पडायच्या आत न्यायचं असतं. बायकांनी अंघोळ घातली. केस पुसता पुसता मावशी म्हणाली, "पद्मे, हिचं केस वाळंनात गं. बघ तरी." पंचा बदलला, पुन्हा ओला. दवाखान्यात रात्री काढून बाईंना उभ्यानं झोप येत होती. त्या म्हणाल्या, "राहू दे मावशी. चला, न्या आता."

३

पुढच्या शुक्रवारी बाईंनी मास्तरांची शीट नव्या टिपकागदांत घातली, वर-खाली फळ्या लावल्या, पट्टे आवळले आणि ते सगळं खोलीच्या दुसऱ्या टोकाला, उन्हाच्या पट्ट्यात ठेवलं. वरची मोरी तिथून लांब. आकारामला बजावलं, कुणी हात लावायचा नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी पट्टे सोडले. वरचा टिपकागद ओला होता. सगळा नव्हे. कडा कोरड्या, कोपरे कोरडे. मधे मात्र पाण्याचा डाग उमटलेला, आणि त्या डागाला लांब लांब पानं होती.

बाई शास्त्राच्या प्राध्यापक. त्या अशा डागानं घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या. वनस्पतीत चिकट द्रव्य असेल, ते हवेतली ओल ओढत असेल. मिठाच्या बरणीत नाही का पाणी सुटत? पण मीठ पावसाळ्यात सुटतं. हा सांगलीचा उन्हाळा, ओठ फुटत होते. बरं, कागद जुना, त्यात काही क्षार असतील. मग कडांना का नाहीत?

त्यांनी टिपकागद बदलले. तासाभरानं परत बदलले. ओले कागद खिडकीत टाकले की लगेच वाळून कडक व्हायचे, आतले मात्र भिजायचे. आकाराम जेवायला गेला तेव्हा खोली अगदी शांत झाली. कागद वाळताना बारीक कुरकुरतो, तो आवाज ज्यानं हे काम जन्मभर केलं त्याला पाठ असतो. खिडकीतून तो येत होता. फळ्यांमधून वेगळाच आवाज येत होता. तहानलेलं जनावर हळूहळू, थांबून थांबून पाणी पितं तसा.

बाईंनी पट्टे आणखी आवळले. आवाज थांबला. मग त्यांना उगाचच वाईट वाटलं आणि त्यांनी पट्टे थोडे सैल केले.

४

त्यांनी शिवांजलीला बोलावून घेतलं. दुसरं कुणीतरी पाहायला हवंच होतं, नाहीतर अव्वांच्या गोळ्या आपणच सुरू कराव्या लागतील, असा विचार बाईंच्या मनात येऊन गेला होता.

शिवांजली सुभेदाराची मुलगी, बोलणं खणखणीत. साताऱ्याहून पहिली गाडी पकडून आली, शीट भिंगाखाली धरली आणि बोलायची थांबली.

"मॅडम, कंद हिरवा हाय."

"बघितलं मी."

"एवढ्या वर्षांनी? कसं शक्य हाय?"

"उन्हाळ्यात हे झाड मरत नाही. झोपतं. डबकं आटलं की मेल्यासारखं दिसतं." बाई सावकाश म्हणाल्या. "मास्तरांना ते मेलेलं वाटलं. म्हणून त्यांनी दाबून ठेवलं."

शिवांजलीनं भिंग खाली ठेवलं. मग एकदम तिचे डोळे चमकले.

"आवं मॅडम! मग टाइप बाद की! नियमच हाय, टाइप जिवंत असता कामा न्हाई. मास्तरांचं नाव टिकतच न्हाई. तुमचं राहतं. सुंदरिए!"

नियम बाईंना ठाऊक नव्हता असं नाही. टिपकागदावरचा डाग पाहिला तेव्हाच तो मनात आला होता आणि त्यांनी तो मागं सारला होता. आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्यांना इतका आनंद झाला की त्या खाली बसल्या. मेलेल्याच्याच नावाला धक्का लागत नाही, असला हा विचित्र नियम. पण तो सुंदरीच्या बाजूनं होता.

सिद्ध मात्र करायला हवं होतं. कंदाचा नखाएवढा तुकडा काढून पांढऱ्या ट्रेमध्ये पाण्यात ठेवला, ट्रे खिडकीखाली. दोघी गाड्यावर भडंग खायला गेल्या. शिवांजली भरभरून बोलत होती आणि बाई बऱ्याच दिवसांनी हसत होत्या.

परत आल्या तेव्हा तुकड्याला पान आलं होतं. बोटभर लांब, फिकट, पाण्यावर पसरलेलं.

"इतक्या लवकर?" शिवांजली पुटपुटली. तिनं फोन काढून फोटो घेतले, तारीख-वेळेसकट. मग फोन खाली करून म्हणाली, "मॅडम, खिडकी हिकडं हाय."

पान उजेडाकडं वळतं. कुठल्याही झाडाचं वळतं. हे खिडकीकडं पाठ करून टेबलाच्या कडेला टेकलं होतं, जिथं बाईंची खुर्ची होती.

शिवांजलीनं ट्रे फिरवून ठेवला. दोघी पावती, निरोप, बसची वेळ असलं काहीबाही बोलत राहिल्या. ट्रेकडं पुन्हा पाहिलं ते निघताना. पान परत बाईंच्या खुर्चीकडं वळलेलं होतं. शिवांजली आपली पिशवी विसरून गेली.

५

दोघींचा शोधनिबंध लिहून झाला. एकच गोष्ट राहिली होती. मास्तरांचा टाइप बाद करायचा, तर सुंदरिएचा टाइप ठीक असल्याचं लिहून द्यायला हवं. तो घरातच होता, अव्वांच्या उशाशी, करड्या कपाटात.

बाईंनी ते आज करू, उद्या करू म्हणत टाळलं. कपाटाची किल्ली देवघरात होती, ती त्यांना सापडत नव्हती, म्हणजे त्या शोधत नव्हत्या. फरशी पुसताना कपाटाखालचा भाग त्या हल्ली सोडून देत.

"मॅडम, तेवढी एक ओळ पाठवा की," शिवांजलीचा फोन आला. आवाज पूर्वीसारखा खणखणीत नव्हता. "नमुना पाहिला, कोरडा आहे, एवढंच. उद्या पाठवायचाय निबंध."

"पाठवते."

दुपार होती. अव्वांचा डोळा लागला होता. बाईंनी किल्ली फिरवली आणि दार ओढलं, तर ते फुगलेल्या लाकडासारखं अडलं. लोखंडी दार. आत डांबराच्या गोळ्यांचा वास नव्हता. पाऊस पडून गेल्यावर पठारावर येतो तो वास होता.

शीट ओली नव्हती, भिजलेली होती. हातात घेतल्यावर तिला वजन होतं. टाक्यांनी शिवलेली पानं हिरवीगार, आणि प्रत्येक टाक्यापाशी पान थोडं कापलं गेलेलं. वाढताना दोरा रुतला होता. इतकी वर्षं ते कागदाच्या दोन पदरांमध्ये वाढायचा प्रयत्न करत होतं.

बाईंना भीती वाटली. झाडाची नव्हे. सख्ख्या बहिणीची भीती वाटली, आणि तिची भीती वाटावी याची लाज वाटली.

खालच्या कप्प्यात विषाच्या द्रावणाची बाटली होती, बूच घट्ट, तशीच. ब्रशनं एक हात फिरवला की काम होणार होतं. दोन-चार दिवसांत शीट कडकडीत वाळली असती. नाव राहिलं असतं, पुस्तकांत, कायमचं. कुणी विचारलं नसतं, कुणाला कळलं नसतं. एक ओळ लिहायची होती, कोरडा आहे. तेवढंच तर म्हणायचं होतं. राहू दे, चला, न्या आता.

त्यांनी बूच काढलं. त्या उग्र वासानं डोळ्यांत पाणी आलं. हातातल्या शीटमधून एक थेंब सुटला आणि त्यांच्या पायावर पडला. तो कोमट होता.

बाईंनी बूच परत लावलं. मग फोन उचलला.

"शिवांजली, लिहून घे. दोन्ही नमुने बाद. माझाही."

"मॅडम... म्हंजे सुंदरिए—"

"नाव काढून टाक. कुणीतरी नव्यानं देईल. पण जे कुणी ते करेल, त्याला सांग, आधी नीट बघ म्हणावं. मेलंय का ते नीट बघ."

६

न्हाणीघरात तांब्याचं घंगाळ होतं. बाईंनी ते ओढून दाराजवळच्या उजेडात घेतलं, सवयीनं पाणी फडक्यातून गाळून भरलं, आणि शिवणाच्या कात्रीनं शीटवरचा एकेक टाका कापला. पानांना कात्री लागू नये म्हणून वेळ लागला. शेवटचा टाका सुटल्यावर झाड कागदावरून आपलं आपण घसरलं.

आधी ते तळाशी गेलं. मग एकेक पान वर आलं, लांब, काळपट हिरवं, सगळं घंगाळ भरून पसरलं. उजेड डाव्या हाताच्या खिडकीतून येत होता. पानं हळूहळू वळली आणि सगळीच्या सगळी आतल्या खोलीच्या दाराकडं झाली.

बाई त्यांच्याकडं बघत उकिडव्या बसून राहिल्या. रडावंसं वाटत होतं, पण तेवढीही ताकद नव्हती.

आतून अव्वांचा आवाज आला. "आलीस व्हय? किती उशीर केलास गं."

"हो अव्वा," बाई म्हणाल्या. "आलेच."

"तुला न्हाई गं."

बाई उठल्या नाहीत. फरशीवरून काहीतरी गेल्यासारखं वाटलं. पावलं म्हणावीत असं नव्हतं, ओलं कापड ओढत नेल्यावर होतो तसा आवाज. की घंगाळातून पाणी सांडलं होतं? सांडलंच असेल. घंगाळ भरलेलं होतं.

"पद्मे, टावेल दे की. ही तशीच हुबी हाय."

बाहेरच्या दोरीवर पंचा उन्हानं खरखरीत झाला होता. बाईंनी तो घेतला. आतल्या दाराला पडदा होता. पडदा बाजूला करायचा नाही, हे त्यांनी मनाशी ठरवलं, आणि पंचा धरलेला हात तेवढा पडद्याच्या कडेनं आत घातला. म्हटलं, जवळच्या खुर्चीवर टाकू. अव्वांचा पलंग पलीकडच्या भिंतीला, त्यांचा हात इथवर पोचत नाही.

पंचा हातातून घेतला गेला. हिसकावला नाही. कुणी दिलेलं घ्यावं तसा घेतला. घेताना बोटं बाईंच्या बोटांना लागली.

खोलीच्या त्या टोकाहून अव्वा समाधानानं म्हणाल्या, "हां. मुळापासनं पूस. बस अशी हितं." मग थोड्या वेळानं, "पद्मे, दार लाव गं. वारं लागतंय हिला."

बाईंनी पडद्याबाहेरूनच दार ओढून घेतलं. ओला हात पुसायला पदर उचलला. पुसला, पुन्हा पुसला. बाहेर ऊन रखरखत होतं. त्या उन्हात हात धरून उभ्या राहिल्या, आणि तो काही वाळेना.